वड्याच्या तेलावर इंजिन : बायोडिझेलच्या प्रकल्प नोंदी

आमच्या पलूस तालुक्यातल्या (जि. सांगली) विहिरीवर पाच अश्वशक्तीचं जुनं, संथ चालीचं डिझेल इंजिन आहे. वीज नसेल तेव्हा पाणी तेच उपसतं, कडबाकुट्टीही तेच फिरवतं. त्या एका इंजिनापुरतं इंधन वापरलेल्या खाद्यतेलापासून घरी करायचं, असा हा प्रकल्प आहे. तेलात मिथेनॉल आणि थोडं कॉस्टिक मिसळून तापवलं-ढवळलं की बायोडिझेल वर राहतं आणि ग्लिसरीन तळाला बसतं, एवढीच यातली मूळ क्रिया. विकायचं काही नाही. जे करायला निघालेत त्यांचा वेळ आणि माल वाचावा म्हणून या नोंदी ठेवतोय.

१२ ऑगस्ट २०२३

आधी तेल, मग परवाना.

तेलासाठी तीन ठिकाणी बोलून ठेवलं : एसटी स्टँडसमोरचा वडापावचा गाडा, बाजारपेठेतला फरसाणवाला आणि संध्याकाळी लागणारा चिकन सिक्स्टी-फाइव्हचा गाडा. लिटरला ३५ रुपये ठरले. वडापाववाले अण्णा म्हणाले, "तुम्ही नाही नेलं तर दुसरा कोणीतरी नेणारच." तो दुसरा ते तेल कुठल्या कढईत ओततो, हा खरा प्रश्न आहे. १ जुलै २०१८ पासून अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा नियम आहे की तेलातली टोटल पोलर कंपाउंड्स (तळून तळून तेल बिघडलं की वाढणारे घटक) २५ टक्क्यांवर गेली की ते तेल तळायला वापरायचं नाही. वापरलेल्या तेलाचं बायोडिझेल व्हावं म्हणून त्याच वर्षी 'रुको' योजनाही आली. तरी लहान गावातलं काळं तेल फिरत फिरत आणखी लहान गाड्यावर जातंच. इंजिनात जळलेलं तेल तरी पुन्हा कोणाच्या पोटात जाणार नाही.

मिथेनॉल महाराष्ट्रात विषाच्या नियमांखाली येतं. परवान्याशिवाय ते विकत घेता येत नाही, साठवताही येत नाही. अर्ज टाकलाय. कोणी ओळखीवर कॅन आणून देतो म्हणाला तरी घेऊ नका. विषारी दारूचे बळी बहुतेक वेळा मिथेनॉलचेच असतात. ते दिसायला पाण्यासारखं असतं, त्वचेतूनही अंगात जातं, आणि त्याची ज्योत उन्हात डोळ्यांना दिसत नाही.

३ सप्टेंबर

भांड्याचा शोध. घरात चाळीस लिटरचा दुधाचा जुना कॅन होता, पण तो ॲल्युमिनियमचा. कॉस्टिक ॲल्युमिनियम खातं आणि त्यातून हायड्रोजन सुटतो, म्हणून तो बाद. डेअरीच्या भंगारातून त्याच मापाचा स्टीलचा कॅन ९०० रुपयांना मिळाला. तळाला स्टीलचाच कॉक बसवून घेतला. पितळी कॉक स्वस्त पडतो, पण तांबं, पितळ आणि जस्त यांच्या संगतीत बायोडिझेल लवकर खराब होतं. गॅल्व्हनाइज्ड पिंप आणि पितळी जोड या कामात कुठेच नकोत.

ढवळायला ड्रिल मशीन लावणार होतो. ड्रिलमध्ये कार्बन ब्रश असतात, ते ठिणग्या टाकतात, आणि खाली मिथेनॉलची वाफ. तो बेत तिथेच सोडला. सेमी-ऑटोमॅटिक वॉशिंग मशीनची जुनी मोटर घेतली, तिला ब्रश नसतात. ती कॅनपासून लांब ठेवून पट्ट्याने स्टीलचा दांडा फिरवायची व्यवस्था केली. झाकणातून एक नळी बाहेर काढून वाफ शेडबाहेर, वारा वाहून नेईल त्या बाजूला सोडली. कॅन हवाबंद करायचा नाही, उघडाही ठेवायचा नाही.

८ ऑक्टोबर

परवान्याच्या कागदांत पावसाळा गेला, पण काम झालं. मिथेनॉल ५५ रुपये लिटर आणि कॉस्टिक पोटॅशचे खवले १६० रुपये किलो पडले. कॉस्टिक सोडाही चालतो आणि तो स्वस्त आहे. पण सोड्यावर निघालेलं ग्लिसरीन गार झालं की घट्ट बसतं आणि कॉकमधून उतरत नाही. पोटॅशचं पातळ राहतं, आणि पुढे शेतातही पोटॅशचाच उपयोग आहे.

आज तेलाचं टायट्रेशन केलं. तेल जितकं जास्त तळलेलं, तितकी त्यात सुटी आम्लं जास्त आणि तितकं पोटॅश जास्त लागतं. अंदाजाने घातलं की माल गेलाच. माझी भाची बी.एस्सी.ला केमिस्ट्री शिकते, तिने हात धरून शिकवलं.

एक लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये आपल्याच पोटॅशचे खवले एक ग्रॅम विरघळवायचे. दहा मिली आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये एक मिली तेल घालायचं. त्यात फिनॉल्फ्थॅलीन या रंग बदलणाऱ्या दर्शकाचे दोन थेंब टाकायचे आणि सिरिंजने पोटॅशचं पाणी थेंबथेंब सोडत गुलाबी रंग टिकेपर्यंत जायचं. पण गाड्यावरचं तेल इतकं तांबूस की गुलाबी छटा कळेना. भाची म्हणाली, "मामा, हळद आणा." घरच्या हळकुंडाची पूड अल्कोहोलमध्ये भिजवून वरचं पिवळं पाणी घेतलं. थेंब पडेल तिथे लाल ठिपका उठायचा आणि हलवलं की पिवळ्यात विरून जायचा. शेवटी एका थेंबाला अख्खी बाटली विटकरी झाली आणि तशीच राहिली. फरसाणच्या फिक्या तेलावर दोन्ही दर्शकांचे आकडे ताडून पाहिले, ते जुळले.

फरसाणच्या तेलाला १.४ मिली लागले, वड्याच्या तेलाला २.६ आणि चिकनच्या तेलाला ६ च्या वर. चिकनचं तेल घेणं बंद केलं. एवढ्या आम्लाचं तेल आधी सल्फ्युरिक ॲसिडच्या टप्प्यातून न्यावं लागतं आणि ते मला घराच्या आवारात करायचं नाही.

हिशेब असा. माझं पोटॅश ८५ टक्के शुद्धतेचं आहे, म्हणून मूळ माप लिटरला ८.२ ग्रॅम. त्यात टायट्रेशनचा आकडा मिळवायचा, जितके मिली तितके ग्रॅम. वड्याच्या तेलाला ८.२ + २.६ = १०.८ ग्रॅम. तीस लिटरला ३२४ ग्रॅम पोटॅश आणि सहा लिटर मिथेनॉल.

१५ ऑक्टोबर

आधी एक लिटरची चाचणी काचेच्या बरणीत केली. ती झकास झाली, तळाला ग्लिसरीनचा गडद थर आणि वर सोनेरी द्रव. त्या हुरुपात लगेच तीस लिटरचा घाणा लावला.

पोटॅश मिथेनॉलमध्ये विरघळवताना एचडीपीई प्लास्टिकचा जाड कॅन, रबरी हातमोजे, डोळ्यांना गॉगल, बाजूला पाण्याची बादली आणि काम उघड्यावर, हे सगळं सांभाळलं होतं. मिश्रण स्वतःच गरम होतं, म्हणून पोटॅश थोडं थोडं घालायचं. तेल ६० अंशांवर नेऊन हीटर बाहेर काढला, मिश्रण ओतलं आणि ढवळायला लावलं.

अर्ध्या तासात दांडा जड फिरू लागला. मोटर बंद करून झाकण काढलं तर कॅनभर खरवसासारखं थरथरणारं पिवळं साबण. ना थर, ना बायोडिझेल.

घात पाण्याने केला. बरणीतलं तेल डब्याच्या वरच्या भागातलं होतं. कॅनमध्ये डबे तळापर्यंत उपडे केले, आणि ते पावसाळ्यात गाड्यामागे उघड्यावर राहिलेले डबे. भजी-वड्यांच्या पिठातलं पाणीही तळालाच बसतं. पाणी असलं की पोटॅश मिथेनॉलचं काम सोडून तेलाचा साबण करतं. तीस लिटर तेल, सहा लिटर मिथेनॉल आणि एक रविवार गेला. रुपयांत १,४०० च्या वर.

२२ ऑक्टोबर

आता तेल आल्यावर पहिलं काम वाळवण्याचं. पातळ सुती धोतरातून गाळायचं, ६० अंशांपर्यंत तापवायचं आणि रात्रभर निवू द्यायचं. सकाळी तळाच्या कॉकमधून पाणी आणि पिठाचा गाळ सोडून द्यायचा. वरचं तेल पुन्हा १०५ अंशांपर्यंत न्यायचं आणि बुडबुडे थांबेपर्यंत तिथेच ठेवायचं. शेवटी तापल्या तव्यावर दोन थेंब टाकायचे. चुरचुरलं तर पाणी आहे, निमूट पसरलं तर तेल तयार. ही तव्याची चाचणी फुकटची आहे आणि ती सोडून पुढे जायचं नाही.

आजचा घाणा लागला. ढवळून दीड तास झाल्यावर रात्रभर ठेवलं. सकाळी कॉकमधून साडेपाच लिटर ग्लिसरीनचा काळपट थर काढला. वरचं द्रव छान सोनेरी दिसत होतं.

पण दिसण्यावर जायचं नसतं. २७ मिली मिथेनॉलमध्ये ३ मिली बायोडिझेल टाकून हलवायचं आणि खोलीच्या तापमानाला अर्धा तास ठेवायचं. बायोडिझेल मिथेनॉलमध्ये पूर्ण विरघळतं, न बदललेलं तेल विरघळत नाही, ते तळाला बसतं. माझ्या नळीच्या तळाला पिवळा थेंब स्पष्ट दिसला. म्हणजे तेल पूर्ण बदललेलं नाही. हे इंजिनात गेलं तर नोझलवर कार्बन धरतो आणि रिंगा चिकटतात.

२९ ऑक्टोबर

कच्चं का राहिलं ते शोधलं. हीटर काढल्यावर कॅन गोधडीने गुंडाळला होता, तरी दीड तासात तापमान ४५ च्या खाली गेलं होतं. दुसरं म्हणजे दांड्याचं पातं तळापासून वीतभर वर होतं. द्रव नुसता गोल फिरत होता, वर-खाली मिसळत नव्हता.

पातं तळाच्या दोन बोटं वर घेतलं. कॅनच्या आतून स्टीलच्या तीन उभ्या पट्ट्या लावल्या, त्यामुळे गोल फिरणारं द्रव अडतं आणि उलटतं. कॅन दोनशे लिटरच्या कापलेल्या पिंपात बसवला आणि भोवती ६० अंशांचं पाणी भरलं. आता तापमान ५५ च्या खाली येत नाही आणि मिथेनॉल आत असताना कॉइल कॅनमध्ये घालायचा प्रसंगच येत नाही. मिथेनॉल ६४.७ अंशांना उकळतं, म्हणून पाणी ६० च्या वर न्यायचं नाही.

आधीचाच माल कमी मिथेनॉल आणि त्या प्रमाणात कमी पोटॅश घेऊन पुन्हा फिरवला. आणखी थोडं ग्लिसरीन उतरलं आणि नळीचा तळ स्वच्छ राहिला. अर्धवट झालेला माल फेकून देऊ नका, तो सुधारतो.

५ नोव्हेंबर

धुणं. बायोडिझेलमध्ये साबण, पोटॅश आणि मिथेनॉलचा अंश राहतो, तो पाण्याने धुऊन काढावा लागतो. ग्लिसरीन काढून झाल्यावर पहिलं पाणी फवाऱ्याने अलगद सोडायचं, मुळीच ढवळायचं नाही. पाणी दुधाळ होऊन खाली उतरतं, ते काढायचं. दुसऱ्या-तिसऱ्या पाण्याला माशांच्या टाकीचा पंप लावून बुडबुडे सोडायचे.

बोअरचं पाणी वापरलं आणि घोडं अडलं. दोन थरांच्या मध्ये पांढरी, चिकट साय धरली आणि ती काही केल्या फुटेना. आमच्या बोअरचं पाणी जड आहे, पातेल्याला पांढरा थर धरतो तेच पाणी. त्यातलं कॅल्शियम साबणाशी जुळून न विरघळणारा साबण होतो. तो तेलात राहिला तर फिल्टर तुंबतो आणि नोझल खराब होतो. साय गरम मिठाच्या पाण्याने फोडली, पण दोन-तीन लिटर माल त्यात गेला.

गावातल्या आरओच्या एटीएमवर पाच रुपयांत वीस लिटर पाणी मिळतं. आता धुण्याला तेच. पुढच्या पावसाळ्यात पत्र्याचं पाणी साठवणार आहे.

धुणं पुरेसं झालं का ते पाहायला बरणीत निम्मं बायोडिझेल, निम्मं पाणी घेऊन दहा सेकंद जोरात हलवायचं. काही मिनिटांत दोन स्वच्छ थर झाले तर उत्तम. मध्ये लोण्यासारखं काही राहिलं तर साबण आहे किंवा तेल अर्धवट बदललंय. साबणाचा आकडा काढायचा तर ब्रोमोफिनॉल ब्लू घालून ०.०१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक ॲसिडने टायट्रेशन करायचं, निळा रंग पिवळा होईपर्यंत. दहा ग्रॅम नमुन्याला एक मिली ॲसिड लागलं तर साबण सुमारे ३२० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत ३२० भाग. न धुतलेल्या मालाला डझनावारी मिली लागले होते, तिसऱ्या पाण्यानंतर अर्ध्या मिलीच्या आत आलं.

धुण्याचं पाणी ओढ्यात सोडायचं नाही. त्यात साबण आणि मिथेनॉल असतं. मी ते आडोशाच्या खड्ड्यात पाचटावर सोडतो, विहिरीपासून आणि गोठ्यापासून लांब.

२६ नोव्हेंबर

दिवाळीनंतर फरसाणवाल्याकडे भरपूर तेल निघालं आणि तेही कमी जळलेलं. त्याचा घाणा आजवरचा सर्वांत चांगला झाला. हायड्रोमीटरवर घनता ०.८८ च्या जवळ. तेलाची ०.९१-०.९२ असते, म्हणजे फरक नीट कळतो. बाटलीमागे वर्तमानपत्र धरलं तर बारीक अक्षरं वाचता येत होती. पुण्यातल्या एका खासगी प्रयोगशाळेत नमुना पाठवला, चार चाचण्यांचे मिळून अडीच हजार रुपये. या प्रकल्पातला हा सर्वांत उपयोगी खर्च.

फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला वाफ पेट घेते तो आकडा, १५० अंशांच्या वर आला. मिथेनॉल मागे राहिलं असतं तर हाच आकडा कोसळला असता. ॲसिड व्हॅल्यू, म्हणजे सुट्या आम्लांचं माप, ०.३, मर्यादा ०.५ आहे. घनता बरोबर. पण पाणी ११०० पीपीएम. बायोडिझेलच्या आयएस १५६०७ या मानकात मर्यादा ५०० ची आहे.

अक्षरं वाचता येत होती तरी दुपटीहून जास्त पाणी. बायोडिझेल साध्या डिझेलपेक्षा कितीतरी जास्त पाणी स्वतःत विरघळवून धरतं, हजार-दीड हजार पीपीएमपर्यंत, आणि तेवढं असूनही आरपार दिसतं. टाकीत रात्री गारवा आला की तेच पाणी सुटून तळाला बसतं, पंपाच्या प्लंजरला गंज चढवतं आणि त्यात बुरशी-जिवाणू वाढतात. 'आरपार दिसलं की झालं' हे मी अनेकांच्या तोंडून ऐकलं होतं. ते पुरेसं नाही.

वाळवायची पद्धत बदलली. बायोडिझेल ५५-६० अंशांवर ठेवून छोट्या पंपाने वर उचलायचं आणि भोकांच्या नळीतून पातळ धारांनी पुन्हा कॅनमध्ये पाडायचं, वरून टेबलफॅनचा वारा. दोन तास. दमट दिवशी हे काम करायचं नाही.

प्रत्येक वेळी प्रयोगशाळा परवडत नाही, म्हणून घरची चाचणी बसवली. सोनाराचा ०.०१ ग्रॅमचा छोटा काटा घेतला. बरोबर १०० ग्रॅम बायोडिझेल १२० अंशांपर्यंत तापवायचं, झाकून गार करायचं आणि पुन्हा तोलायचं. ०.०५ ग्रॅमची घट म्हणजे ५०० पीपीएम. वाळवलेल्या मालाची घट काट्यावर दिसेल न दिसेल इतकी, न वाळवलेल्याची ०.१ च्या वर. काट्याच्या शेवटच्या आकड्यावर फार विसंबता येत नाही, पण नापास माल हमखास पकडला जातो.

१० डिसेंबर

इंजिन. आधी रबरी पाइप बदलला. साधा रबर बायोडिझेलमध्ये फुगतो आणि मऊ पडतो. व्हिटॉन या बायोडिझेलला टिकणाऱ्या रबराचा तुकडा महाग पडला, पण गळती लागण्यापेक्षा बरा. पहिल्या वेळी डिझेलमध्ये फक्त २० टक्के मिसळलं, मग निम्मं, मग पूर्ण.

इंजिन हँडलच्या नेहमीच्या फेऱ्यांत उचललं. काळा धूर स्पष्ट कमी, वास गाड्याजवळ उभं राहिल्यासारखा. जड कडबा टाकल्यावर ओढ किंचित कमी वाटते. ते अपेक्षित होतं, कारण लिटरमागे ऊर्जा डिझेलपेक्षा साधारण आठ टक्क्यांनी कमी असते.

थोड्या वेळाने इंजिन गुदमरलं. फिल्टर काढला तर काळ्या गाळाने गच्च. तो गाळ बायोडिझेलचा नाही, टाकीत वर्षानुवर्षं बसलेला डिझेलचा. बायोडिझेल तो सोडवतं आणि पुढे ढकलतं. पहिल्या काही टाक्यांपर्यंत जादा फिल्टर हाताशी ठेवा. टाकी आधीच उतरवून धुतली तर आणखी चांगलं. ऑईलही आता निम्म्या तासांवर बदलतोय, कारण न जळलेलं बायोडिझेल खाली ऑईलमध्ये उतरून ते पातळ करतं.

२४ डिसेंबर

पहाटे विहिरीवर १२ अंश. इंजिन उचलेना. टाकीतलं बायोडिझेल ढगाळलेलं आणि फिल्टरवर मेणासारखा थर.

हा पामतेलाचा गुण. गाड्यावर आणि फरसाणात बहुतेक पामोलिन असतं, आणि पामचं बायोडिझेल १३ ते १६ अंशांच्या आसपास ढगाळायला लागतं. सोयाबीनचं शून्याजवळपर्यंत टिकतं. सांगलीच्या उन्हाळ्यात हा प्रश्न कधीच येणार नाही, डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे येणारच. दहा वाजता ऊन चढल्यावर तेच इंधन स्वच्छ झालं आणि इंजिन चाललं.

उपाय दोन केले. थंडीत मिश्रण २० टक्क्यांवर आणलं. आणि इंजिन बंद करण्याआधी पाच मिनिटं साध्या डिझेलवर चालवायचं, म्हणजे पाइपात आणि पंपात रात्रभर डिझेल राहतं. प्रत्येक घाण्याची एक बाटली फ्रिजमध्ये थर्मामीटर घालून ठेवतो आणि कोणत्या अंशाला ढगाळते ते तिच्या चिठ्ठीवर लिहितो.

१४ जानेवारी २०२४

खर्च. तीस लिटरच्या घाण्याला तेल १,०५०, मिथेनॉल ३३०, पोटॅश ५२, वीज सुमारे ३०. एकूण १,४६२ रुपये. हातात येतं २६ लिटर, म्हणजे लिटरला ५६ रुपये. पंपावर डिझेल ९३ च्या आसपास आहे. पण यात माझी मजुरी नाही. तेल आणण्यापासून पिंपात भरेपर्यंत हाताचं काम सहा-सात तासांचं, बाकी निवण्याचा वेळ. मजुरी धरली तर फायदा जेमतेम उरतो. सामान, चाचण्या आणि वाया गेलेला माल मिळून चौदा हजारांच्या आसपास गेले, ते वसूल व्हायला अजून वेळ आहे. नुसते पैसे वाचवायला कोणी यात पडू नये असं माझं स्पष्ट मत आहे. चांगलं तेल ठरल्या दराने दारात येत असेल आणि चाचण्या करायची तयारी असेल, तरच पडावं.

१८ फेब्रुवारी

ग्लिसरीन. प्रत्येक घाण्याला पाच-साडेपाच लिटर निघतं आणि ते साठत जातं. याला 'शुद्ध ग्लिसरीन' समजू नका. त्यात साबण, पोटॅश आणि उरलेलं मिथेनॉल असतं. जनावरांच्या आंबोणात तर एक थेंबही नको. ग्लिसरीन जनावरांना देतात असं ऐकून शेजारचे दादा मागायला आले होते. मिथेनॉलचं सांगितल्यावर त्यांनीच कॅन मागे सारला.

म्हणून आधी मिथेनॉल काढायचं. बंद स्टीलच्या भांड्याला विजेची शेगडी, वाफेच्या नळीला थंड पाण्याची गुंडाळी, उघडी ज्योत आसपास कुठेही नाही. एका घाण्याच्या ग्लिसरीनमधून लिटरभर मिथेनॉल परत येतं. त्यात पाणी असेल तर ते पुढच्या घाण्यात घालायचं नाही. हायड्रोमीटरवर ०.७९ च्या आसपास आलं तरच घ्यायचं. त्या एका लिटरपेक्षा उरलेलं ग्लिसरीन हाताळण्याजोगं होतं, हाच मोठा फायदा.

त्यातला काही भाग गरम पाण्यात पातळ केला. ग्रीसचे हातमोजे, ट्रॅक्टरचं इंजिन आणि स्प्रेयरची टाकी उत्तम निघते. महिनाभर ठेवून पीएच पाहिला, तरीही अल्कली जास्तच होती. त्यामुळे उघड्या हातांना आणि भांड्यांना नको.

गोबरगॅसमध्ये जास्त मजा आली. आमचा दोन घनमीटरचा दीनबंधू पद्धतीचा गोबरगॅस आहे, रोज पन्नास किलो शेण आणि तेवढंच पाणी. त्यात पाव लिटर ग्लिसरीन घातलं. आठवड्याभरात शेगडीची ज्योत जास्त वेळ टिकू लागली. रोज अर्धा लिटर केलं, तेही मानवलं. मग हाव धरून लिटरभर केलं आणि चार दिवसांत गॅस पडला. निघणाऱ्या रबडीला आंबूस वास येऊ लागला. आम्ल तयार होण्याचा वेग गॅस करणाऱ्या जिवाणूंना झेपत नाही. ग्लिसरीन बंद करून नुसतं शेण घातलं, सावरायला दोन आठवडे गेले. अर्ध्या लिटरवरच थांबा, आणि तेही हळूहळू वाढवत.

१० मार्च

उरलेल्या ग्लिसरीनचा एक लिटर बरणीत घेऊन त्यात फॉस्फोरिक ॲसिड थोडं थोडं घातलं. तासाभरात तीन थर झाले : वर काळी तेलकट आम्लं, मध्ये बरंचसं स्वच्छ ग्लिसरीन, तळाला पांढरट मीठ. हे मीठ म्हणजे पोटॅशियम फॉस्फेट. द्राक्षबागायतदार ज्या खताला शून्य-बावन्न-चौतीस म्हणतात, त्याच जातीचं. कॉस्टिक सोडा वापरला असता तर इथे सोडियमचं मीठ आलं असतं आणि आमच्या आधीच खारवटणाऱ्या जमिनीत ते कोणी घातलं नसतं. माझं मीठ ग्लिसरीनने माखलेलं आहे, ठिबकमधून जाणार नाही. कंपोस्टच्या ढिगावर पसरलं. वरची आम्लं डब्यात ठेवलीत, चुलीसाठी शेणकूट भिजवायला घरात वापरतात.

७ एप्रिल

साठवण. नोव्हेंबरच्या घाण्यातली एक बाटली मुद्दाम खिडकीत ठेवली होती, दुसरी काळोख्या कपाटात. खिडकीतल्या बाटलीला आता तेलरंगासारखा उग्र वास येतो. टायट्रेशनमध्ये तिचं आम्ल दुपटीहून जास्त निघालं. कपाटातली बरी आहे, पण तिचंही थोडं वाढलंय. ऊन, हवा आणि पाणी लागलं की बायोडिझेल आंबतं.

आता दोन महिन्यांत संपेल तेवढंच करतो. एचडीपीईचे कॅन गळ्यापर्यंत भरतो, म्हणजे वर हवा राहत नाही, आणि सावलीत ठेवतो. प्रत्येक कॅनवर तारीख, तेल कुठलं, टायट्रेशन किती, तळाच्या थेंबाची चाचणी पास की नापास, काट्यावरची घट आणि ढगाळायचा अंश लिहिलेला असतो. ज्या कॅनवर यातला एक जरी आकडा नसेल किंवा नापास असेल, तो इंजिनाकडे जात नाही. सध्या शेडमध्ये असा एक नापास कॅन आहे. त्याची काट्यावरची घट ०.०८ आली आहे, म्हणून उद्या तो पुन्हा वाऱ्यावर घेणार आहे.